भाता नसलेली पेटी

१२ जाने., सोम.
आणली एकदाची. धाराशिवच्या स्टँडवर खोकं तेरच्या गाडीत चढवताना कंडक्टरनं विचारलं, आलमारी हाय का मॅडम? पियानो म्हटलं तर त्यानं खोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गुमान लगेजचं तिकीट फाडलं. एक बाई सारखी त्यावर भाजीची पिशवी ठेवायची, मी सारखी उचलायची. उतरेपर्यंत आमचं वैर.
घरी उघडलं. वाळल्या मिरचीसारखी लाल. कडा गोल, चार चकचकीत पाय, जुन्या रेडिओला असायचे तसले पिळायचे कान. वरनं सगळं जुनं, आतनं सगळं नवं, विजेवर चालणारं. नाव लाली.
अण्णा खाटेवरनं बघत होते. आई म्हणाली, लई देखणी हाय, पण हिचा भाता कुठंय?

१३ जाने., मंगळ.
भाता नाही म्हणूनच तर आणली. आईला नीट सांगितलं.
मागच्या पावसाळ्यात अण्णांच्या अंगावरनं वारं गेलं, डावा हात पडला. पेटीच्या पट्ट्या उजवा हात वाजवेल, पण भाता कोण मारणार? दिवाळीच्या सुट्टीत मी मारून बघितला. दोन ओळी गायले आणि पेटी मिटली. म्हणाले, "दुसऱ्याच्या हवेवर मी न्हाय गात."
तेव्हापासून गळा पण बंद. उभं आयुष्य गायन पार्टी चालवलेला माणूस, आता दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या बघतो. मला त्यांचं गाणं परत ऐकायचंय. बाकी काही नको.
(थोडी माझ्यासाठी पण आणली. खोटं कशाला लिहू.)

१८ जाने., रवि.
सकाळ सगळी लालीपाशी. कानाला हेडफोन. लालीचा एक कान पिळला की सूर थरथरतो, माझ्या डाव्या कानातनं उजव्या कानात जातो, परत येतो. झोक्यावर बसल्यागत. एकच सूर किती वेळ वाजवत बसले कुणास ठाऊक. दूध उतू गेलं.
आईला बाहेर नुसती टकटक ऐकू येत होती. पोरगी ठोकळ्यावर बोटं बडवती, येडी झाली का काय, असं शेजारी सांगून आली. मग तिच्याच कानाला हेडफोन लावला. बराच वेळ हलली नाही. पाण्यात घंटी वाजल्यागत वाजतंय म्हणाली. दुपारी टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल लालीवर आला होता. म्हणजे घरात घेतली.

२ फेब्रु., सोम.
अण्णांनी आज हात लावला. काळी दोनवर एक बोट. त्यांचा सा तिथला. दाबून धरलं, कान देऊन बसले. सूर हळूहळू विरला.
"मरतोय गं हा. उभा ऱ्हात न्हाय."
पेटीत हवा आहे तोवर सूर उभा. इथं एकदा वाजला की ओसरायलाच लागतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! घाईघाईनं ऑर्गनचा आवाज लावून दिला, तो उभा राहतो. तर म्हणाले, ही खोटी पेटी झाली, खरी घरात हाय की.
बरोबरच आहे. पण लागलं. मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

१५ फेब्रु., रवि.
वाजवता वाजवता लाईट गेली. लाली मुकी.
खाटेवरनं आवाज, "गेला का जीव?" आणि अण्णा हसले. खुदुखुदु, खांदे हलवून. किती महिन्यांनी! मी वरवर फुगून बसले. लाईट रोज जावो.

१ मार्च, रवि.
बाजारातनं येत होते. दारातच ऐकलं, लालीला उचकी लागलेली.
आत अण्णा खुर्चीत. एकटे उठून बसलेले! उजवा हात पट्ट्यांवर, उजवा पाय खालच्या, सूर लांबवायच्या पेडलवर, आणि पाय खाली-वर, खाली-वर. तरुणपणी पार्टीत पायपेटी होती, पायानं हवा भरायची. तेच चाललेलं. दर दाबाला सूर जोडला जायचा, पाय उचलला की तुटायचा.
म्हटलं, अण्णा, यात हवा नसते, नुसतं दाबून ठेवायचं.
"मग माणसानं करायचं काय?"
भाजीची पिशवी घेऊन तिथंच खाली बसले.

२२ मार्च, रवि.
आता रोज बसतात. माझ्या आधी. मी ऑफिसातनं आले की लाली गरम. हेडफोन नको म्हणतात, सगळ्या गल्लीला कळतं.
पाय मारणं थांबलं. आज मलाच शिकवलं, "हिचा भाता मारायचा नसतो, धरायचा असतो. ओळ संपली की सोडायचा." हे लालीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.
चाल वाजते. ओठ पण हलतात. आवाज नाही. डावा हात मांडीवर, आई रोज जेवणानंतर तेल चोळून ठेवते, तसाच तिथं पडलेला.

५ एप्रिल, रवि.
सुदामकाका आले. पार्टीतले ढोलकीवाले, अण्णांचे लहानपणापासूनचे. १४ एप्रिलला विहारात आधी अण्णांचं गाणं, मग बाकी सगळं, ही इथली रीत. औंदा काय करायचं, विचारायला आलेले. अण्णा म्हणाले, गळा न्हाय राहिला. काका म्हणाले, गळ्याला काय झालंय, वारं हातावरनं गेलंय. अण्णा भडकले. चहा न पिता काका गेले. आई दोघांना शिव्या देत दोन्ही कप पिली.

१३ एप्रिल, सोम.
सुट्टी टाकली. काका परत आले, लालीला न्यायला टेम्पो सांगून ठेवलाय म्हणाले. अण्णा ना हो म्हणाले, ना नाही. तिथं लाईट गेली तर, एवढंच विचारलं. काका म्हणाले जनरेटर हाय, आणि ओट्यावर जाऊन बसले.
मग अण्णा लालीपाशी. उजव्या हातानं डावा उचलला आणि खालच्या 'सा'वर नेऊन ठेवला. हाताच्या ओझ्यानंच पट्टी दबली, सूर उठला. पायानं धरला. उजव्या हातानं चाल सुरू, तीच, दरवर्षीची. खालचा सा विरत विरत गेला. पाय सोडला.
आणि खालचा सा परत वाजला.
मी भिंतीला टेकून उभी होते. उजवा हात तर पार वरच्या पट्ट्यांवर, खाली नुसता डावा. अण्णांची बोटं थांबली.
"तू दाबलीस का?"
"नाही अण्णा."
"आईनं?"
"आई चुलीपाशी आहे."
डाव्या हाताकडं बघत राहिले. नुसता घसरला असंल, असंही म्हणाले. मला काय माहीत? मग परत चाल धरली, आणि या वेळी ओठांतनं आवाज आला. खरखरीत, फाटका. एकच ओळ. बाहेर ओट्यावर काका मांडीवर ठेका धरायला लागले ते ऐकू आलं, तसे अण्णा थांबले.
टेम्पोचं काय सांगू विचारलं, तर म्हणाले, सकाळी बघू. आणि खालच्या आवाजात, "हाताचं कुणाला सांगू नगं."
आईला सांगितलं. राहवलंच नाही. ती तेलाची वाटी गरम करायला घेऊन बसलीय.