पहिल्या पानावरचं नाव

१४ नोव्हेंबर १९६३

बागाईतीचं पुस्तक म्हणून हे जे घेऊन आले, त्यात नवव्या पानावर गुलाबाच्या ताटव्यात प्रेत निघालं! वर चित्र काय, तर झारी घेतलेला म्हातारा आणि मागे फुलं. यांना वाटलं, माळ्याची पोर, अमडापूरला बापाचा भाजीचा मळा, हिचं मन रमेल. उघडून पाहायचं काही सुचलं नाही. कापसाच्या जिनमधून सुटले, वाचनालयात शिरले, समोर दिसलं ते उचललं. नवरा माझा असा!

तो झारीवाला म्हणजे पेन्शनीत निघालेला एक पोस्टमास्तर. चहाचा कप घेऊन बसतो आणि बसल्या बसल्या खुनी शोधतो. मी दिवसभरात निम्मं संपवलं. दुसरं काम तरी काय ठेवलंय मला? लहानपणी सांधे धरून ताप आला होता, तो म्हणे काळजात जाऊन बसला. चार पावलं चालले की धाप लागते. चूल बनाबाईंनी — यांच्या थोरल्या बहिणीनं — ताब्यात घेतली आहे. मी आपली खाटेवर, छताची कौलं मोजत.

१६ नोव्हेंबर

थोरला जावई! आणि मी वकिलाच्या मागे लागले होते. इतकी मजा कित्येक महिन्यांत आली नव्हती. यांना म्हटलं, असलंच दुसरं आणा.

२४ नोव्हेंबर

दुसरंही संपलं. तोच पोस्टमास्तर, या वेळी गाव डोंगरावरचं. या पुस्तकांचं मला काय आवडतं ते आज कळलं. खून होतो पण रक्त दिसत नाही. मेलेल्यासाठी दोन पानांपलीकडे कोणी रडत नाही, लगेच चहा येतो. आणि मुख्य म्हणजे मरणाला कारण असतं. कोणीतरी ते केलेलं असतं आणि शेवटी तो सापडतो. माझ्या दुखण्यात कोणाला पकडायचं?

शेजारच्या झुंबरबाई येऊन बसल्या होत्या. त्यांचे महादेवराव गेले, त्याला आज पंधरा दिवस झाले. महिनोन् महिने कडक पथ्यावर होते. जायच्या आठवडाभर आधी डॉक्टर म्हणाले, आता मागतील ते खाऊ द्या. या बाईला वाटलं, माणूस सुधारला. हौसेनं पुरणाची पोळी केली, वर तुपाची धार धरली. "पथ्य सुटलं म्हंजे काय, थे मले समजलंच नाई वं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांचा हात धरून बसले. पोळी महादेवरावांनी पोटभर खाल्ली म्हणे, हेच मनाला लावून घेतलंय.

२ डिसेंबर

अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आलो. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि यांना आत ठेवून घेतलं. हे बाहेर आले ते टोपी नीट करत. "काही नाई. आराम कर अन् मीठ सोड, बस." जलंबला गाडी बदलताना मला संत्री घेऊन दिली, सोलूनही दिली. स्वतः एक फोड तोंडात घातली नाही.

५ डिसेंबर

अळणी वरण. अळणी भाजी. भाकरीलासुद्धा चव नाही. थू!

९ डिसेंबर

संताप! संताप! नवीन पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं — 'खुनी = स्वयंपाकीण बाई'. आणि खरंच तीच निघाली. कोण हा हलकट? ज्याचं वाचून झालं त्यानं गुमान पुस्तक परत करावं की नाही! हे म्हणाले, वाचनालयातल्या सहदेवला विचारतो.

२१ डिसेंबर

याही पुस्तकात तेच. 'खुनी = धाकटा भाऊ'. बारीक, ठसठशीत अक्षरं, सगळी छापासारखी सुटी काढलेली, म्हणजे ओळखू येऊ नये. सहदेवनं म्हणे हात झटकले, लोक चावट आहेत म्हणाला.

आता हीच माझी केस. पोस्टमास्तरसारखी एकेकाला समोर बसवते. सहदेव स्वतः: दिवसभर पुस्तकांत बसलेला, त्याला सगळे शेवट माहीत. माझ्या आधी पुस्तक नेणारा कोणी तिऱ्हाईत: असू शकेल. बनाबाई: सही करताना घाम फुटतो, सोडून दिल्या. हे: कापसाच्या भावापलीकडे काही वाचायचं तर जांभया देतात. यांना तर मी पहिल्या फटक्यात सोडलं.

एक मात्र कबूल करते. खुनी आधी माहीत असला तर त्याचं खोटं बोलणं पाहण्यात वेगळीच गंमत आहे. किती गोड बोलतो! चहा काय देतो, खुर्ची काय सरकवतो!

९ जानेवारी १९६४

आज हे जिनमध्ये गेलेच नव्हते. संध्याकाळी आले ते गुडघ्यापर्यंत धूळ. विचारलं तर म्हणाले, जिनमधले चारजण शेगावला पायी निघाले होते, मीही गेलो. देवाचं नाव काढलं की हसणारा माणूस! झोपायच्या आधी उशी सारखी केली तर खाली अंगाऱ्याची पुडी. तशीच परत ठेवली.

१८ जानेवारी

आजच्या पुस्तकावर 'खुनी = भगवंतराव' लिहिलंय. वाचते आहे. बरा माणूस वाटतो. पण नाव आहे म्हणजे तोच.

२६ जानेवारी

आठ दिवसांनी हातात टाक धरला. अक्षर वाकडं येतंय.

त्या दिवशी शेवटच्या प्रकरणाला आले. भगवंतराव नव्हेच! जिच्यावर सगळ्यांचा जीव, ती अंध आत्याबाई — ती अंधच नव्हती! मी ओरडलेच. आणि मग छातीत असा धडाका सुटला की पुस्तक खाली पडलं. श्वासच मिळेना. बनाबाईंनी उशांना टेकवून बसवलं, कोणीतरी जिनमध्ये धावलं, डॉक्टरांनी येऊन सुई दिली. पुढचं मला धड आठवत नाही.

आठवतं ते एवढंच. हे खाटेच्या पायथ्याशी डोकं धरून बसले होते आणि बनाबाईंना सांगत होते, "माह्या चुकीनं झालं, आक्का. माह्याच चुकीनं." माझ्या उघड्या डोळ्यांकडे लक्ष नव्हतं त्यांचं.

यांची कसली चूक?

२९ जानेवारी

पडल्या पडल्या ते पुस्तक पुन्हा उलटून पाहिलं. अगदी शेवटच्या पानावर भगवंतराव हात जोडून म्हणतो की गुन्हेगार मीच आहे, मला शिक्षा करा. तो आत्याबाईंना वाचवायला खोटं बोलतो. खरं काय ते त्याच्या आधीच्या चार पानांत आहे. म्हणजे पेन्सिलवाल्यानं पुस्तक वाचलेलंच नाही. शेवटचं पान तेवढं पाहिलं आणि नाव लिहिलं.

मग सहदेव नाही. तो असली पुस्तकं पाठ म्हणून दाखवतो. हा वाचनाची गोडी नसलेला कोणीतरी आहे. चावटपणाही नाही यात. ज्याला पुस्तकात गंमत वाटत नाही, तो दुसऱ्याची गंमत घालवायला एवढे कष्ट कशाला घेईल?

३ फेब्रुवारी

औषध घेताना चमचा कलंडला. थेंब पुस्तकाच्या पहिल्या पानावर पडला, नेमका नावावर. पुसायला गेले तर करडं अक्षर जांभळं झालं. गडद जांभळं, बोटालाही लागलं.

ती साधी पेन्सिल नव्हे. जिनमध्ये कापसाच्या गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहितात ती कॉपिंगची पेन्सिल. कोरडी लिहिली तर करडी दिसते, ओली झाली की जांभळी. यांच्या खिशाला तीच असते. लिहिताना दिवसभर जिभेला लावतात. लग्न झाल्यापासून ती जांभळी जीभ पाहते आहे मी! नव्या नवरीला हसू आवरलं नव्हतं.

संध्याकाळी हे आले, बूट काढले, कसं आहे म्हणून विचारलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. बरं आहे म्हटलं.

४ फेब्रुवारी

खुनी सापडला, हेतू सापडत नाही. पोस्टमास्तर म्हणतो, हेतू नसेल तर तारखा मांडा. मांडल्या. पहिल्या दोन पुस्तकांवर नाव नव्हतं. तिसऱ्यापासून सुरू. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाच्या मध्ये काय झालं? अकोला.

इथपर्यंत आले आणि वही मिटली. पुढचं मांडायची हिंमत झाली नाही.

६ फेब्रुवारी

हे कामावर गेल्यावर बनाबाईंना खाटेवर बसवून घेतलं. म्हटलं, मला सगळं कळलंय, आता खोटं बोलू नका. सगळं कुठलं कळलं होतं! पण पोस्टमास्तरही असंच करतो. बनाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग सांगितलं.

"डॉक्टरनं सांगतलं, हिले धक्का बसन असं काही होऊ देऊ नका. हासनं नको, रडनं नको, भेवनं तं नकोच नको. उन्हाळा निंघन का नाई, थे सांगता येत नाई म्हने. आमचा इंद्रभान तं पुस्तकंच बंद करून राह्यला होता. मीच म्हनलं, तिची तेवढीच मौज हाये, नको तोडू. मंग त्यानं हे काढलं. नाव आधीच ठाऊक असलं तं दचकनार नाई म्हने."

वाचनालयात उभ्या उभ्या शेवटचं पान वाचत असतील. बोटानं एकेक ओळ धरून. खुनी कोण ते शोधून. माझ्यासाठी!

दुपारभर रडले. मग भीती वाटली की रडणं पण नको सांगितलंय. मला भीती वाटते. लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगायचं? पोटी पोर नाही म्हणून इतकी वर्षं कष्टी होते, आज पहिल्यांदा बरं वाटलं. लगेच ते बरं वाटणंही नकोसं झालं. यांचं कसं होईल? यांना चहासुद्धा धड करता येत नाही.

११ फेब्रुवारी

बनाबाईंना शपथ घातली, मला कळल्याचं यांना सांगायचं नाही.

नवीन पुस्तक आलं. 'खुनी = बंगल्याचा मालक'. मी नेहमीसारखी कडाडले, कोण मेला माझ्या मागे लागलाय! हे भिंतीकडे पाहून म्हणाले, "सहदेवले उद्या चांगला झापतो." चहाचा कप माझ्या हातात दिला, उशी सरकवली. किती गोड बोलतो! मी कपात तोंड घातलं म्हणून बरं.

२३ फेब्रुवारी

रविवार. डोळे दुखतात म्हणून यांनाच वाचायला लावलं. अडखळत, घसा खाकरत वाचतात, पूर्णविरामाला थांबत नाहीत. पण दोन प्रकरणं झाल्यावर मी पुरे म्हटलं तर यांना पुरेना! "मंग थ्या डायवरनं गाडी काऊन धुतली वं? मले तं त्याच्यावर डाऊट हाये." खुनी बंगल्याचा मालक आहे हे स्वतःच्या हातानं लिहिलेला माणूस! मी म्हटलं, असेल बाई, डायवरच असेल. असे आपण आधी का नाही बसलो? आयुष्यभर हे चिठ्ठ्या लिहीत राहिले आणि मी भाकऱ्या थापत राहिले.

१ मार्च

पाय सुजलेत. रात्री आडवं होता येत नाही, बसूनच.

६ मार्च

अंगणात मोगऱ्याला कळ्या आल्या म्हणे. बनाबाईंनी एक आणून उशाशी ठेवली. बापाच्या मळ्यात वांग्याच्या वाफ्यांच्या कडेनं मोगरा होता. तिकडे एकदा जाऊन यायचं होतं.

११ मार्च

डॉक्टर घरी आले. नळी लावली, लगेच काढली. या वेळी मला काहीच विचारलं नाही. अंगणात यांच्याशी बोलताना त्यांचा हात यांच्या खांद्यावर होता, खिडकीतून दिसलं. हे आत आले ते हसत. म्हणाले, "डॉक्टर म्हन्ते, सुधारून राह्यली." मी म्हटलं, हो ना, मलाही वाटतंय.

१२ मार्च

आज वरणात मीठ होतं. बनाबाई ताट ठेवून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. झुंबरबाईंची पुरणाची पोळी आठवली; माझंही पथ्य सुटलं. ताट चाटून पुसून संपवलं.

संध्याकाळी नवीन पुस्तक आलं. पहिल्या पानावर नाव नाही. बोट ओलं करून कोपऱ्यावर फिरवलं, मग पानभर फिरवलं. काही उमटलं नाही.