डोळे मिटून सांग

रविवार, १४ जुलै
दुपार

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक. आईचा खोकला गेला, आता नुसती कुरकुर उरली आहे आणि ती काही औषधाने जायची नाही. तुम्ही तिघं बरे असाल. छकुलीचा पुढचा दात आला का?

पत्र घेऊन आलेले गृहस्थ माझे मित्र आहेत, दातांचे डॉक्टर. त्यांना बसव, चहा दे. ते तुझे दात बघायला आलेले नाहीत, त्यामुळे तोंड बंद ठेवलंस तरी चालेल. त्यांना तुमच्या गावात काम होतं, म्हणून मी पत्र त्यांच्या हातात दिलं. सोमवारी सकाळी तू कामावर निघायच्या आत पोचतो म्हणालेत.

फोन का नाही केला म्हणशील. काल तीनदा केला की! तीनदा "जेवलास का?" विचारलं आणि ठेवला. आई शेजारीच बसलेली, आणि तू मला दोन वाक्यं धड बोलू देशील तर शपथ. पत्राला तरी "बरं बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

सोबत एक लाकडी दांडी आहे. फेकू नकोस. खुर्चीच्या दोन पायांच्या मधे आडवी बसते ती. तिचं एक टोक मी अगदी गोल केलंय आणि दुसऱ्याला बारीक कडा ठेवल्या आहेत. तू डोळे मिटायचे, दोन्ही टोकं बोटांत फिरवायची आणि कडा कुठे आहेत ते सांगायचं. बायकोला समोर बसव, नाहीतर तू डोळे किलकिले करून बघशील. पत्त्यांत करायचास तसं.

एवढंच काम होतं, असं लिहून खाली सही करणार होते. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तुझ्यासाठी भीती वाटतेय. तुझ्या बोटांची आणि तुझ्या पायांची. आता नीट वाच.

मी खुर्च्या करायला लागले तेव्हा तू काय हसला होतास! "लोक या वयात गुडघे धरून बसतात, तू रंधा धरून बसलीस." दर रविवारी आम्ही चार-पाच जण इमारतीमागच्या गॅरेजमधे जमतो. रस्त्यावरची झाडं छाटली, की ओली लाकडं उचलून आणतो, पाचर ठोकून फोडतो आणि दोन मुठींच्या सुरीने तासत बसतो. सुरी स्वतःच्या छातीकडे ओढायची. आईने एकदाच पाहिलं आणि पुन्हा गॅरेजकडे फिरकली नाही.

यातली खुबी मी तुला सांगितली होती, तेव्हा तू जांभई दिलीस. परत सांगते. खुर्चीचे पाय ओले ठेवायचे, दांडी मात्र खडखडीत वाळवायची. मग दांडी पायात ठोकली, की पाय वाळता वाळता आवळत जातो आणि तिला असा धरतो की खिळा नको नि सरस नको. फक्त टोक नेमकं गोल हवं. ते डोळ्यांना चटकन कळत नाही. डोळे मिटून बोटांत फिरवायचं, कड राहिली असली तर बोटाला लागते.

मला ती लागेनाशी झाली.

महिन्यापूर्वीची गोष्ट. या दातवाल्यांनी माझी दांडी उचलली आणि म्हणाले, "अहो बाई, कोपरे किती ठेवलेत हे!" मी म्हटलं, चष्मा बदला. डोळे मिटून फिरवली, गोल. डोळे उघडून उजेडात धरली, तर कडाच कडा. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमच्या अंगठ्याला काय झालंय?" सुरी लागली होती. मांडीवरच्या फडक्यावर हे एवढं रक्त, आणि मला पत्ता नाही. ढब्बू, दुखलंच नाही रे. ते गृहस्थ एरवी दर वाक्याला विनोद करतात, त्या दिवशी एक केला नाही. दुसऱ्या दिवशी मला स्वतः नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी माझे डोळे मिटवले आणि पायाच्या बोटांना कापूस लावला. कुठलं बोट ते ओळखायचं. मी म्हटलं, लावा ना. ते म्हणाले, कधीचा लावतोय.

मग त्यांनी बाबांचं विचारलं. मी सांगितलं, त्यांना काही नव्हतं, जिन्यावरून पडून गेले. "शर्टाची बटणं लावायला त्रास व्हायचा का?" आठवतं तुला, शेवटी शेवटी त्यांनी बटणांचे शर्ट सोडलेच होते? हातातून कप सुटायचे, तर तू म्हणायचास, "बाबांनी आज अजून एका कपाचा खून केला." आपण वय झालं म्हणून सोडून दिलं. त्यांचं वय तेव्हा होतं तरी किती?

मंगळवारी रिपोर्ट आले. बाबांचंच आहे. घराण्यात चालतं म्हणे. हातापायांच्या टोकांपासून नसा हळूहळू मुक्या होत जातात. बरं होत नाही, पण वेळेवर कळलं तर माणूस जपून राहतो, पडत नाही, भाजून घेत नाही. याने कोणी मरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. जिन्यावरून गेलेले त्यात धरायचे का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

आई-बापांपैकी एकाला असलं, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मी सापडले म्हणजे तू सुटलास, असा हिशोब नाही. ते मी दोनदा विचारून घेतलं.

माझं म्हणशील तर पाचावर धारण बसली आहे. आंघोळीचं पाणी कोपराने बघते. जिना उतरताना पायाकडे बघत उतरते. तरी नुसतं माझंच असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. मूग गिळून बसले असते, बाबांसारखी.

पण बुधवारी तुझ्या बायकोचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येईना. तू कामावरून आलास तो एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. अख्खा जिना चढलास आणि तुला कळलं नाही, वॉचमन मागून चप्पल घेऊन आला. फोनवर तिच्या मागून तू ओरडलास, "एक दान केली!" आई हसली. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

बाबा तसेच आले होते, तू दहावीत असताना. आपण आठवडाभर त्यांना चिडवलं, तेही आपल्याबरोबर हसले. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले, तर ते पलंगावर बसून अंगठ्याने स्वतःचा तळवा दाबत होते. एकदा इथे, एकदा तिथे. मला बघून त्यांनी पायावर चादर ओढली. त्यांना कळलं होतं रे.

आणि तू दिवसभर उभा कुठे असतोस? बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, वीतभर कट्ट्यावर, लोकांचे एसी बसवत. पट्टा लावतो म्हणू नकोस. छोट्या कामाला काढून ठेवतोस, हे तूच मला फुशारकीने सांगितलंस. मी ओरडले, तर म्हणालास, "पायाला कळतं गं ताई."

कापसाचं बायकोला करायला सांग, आजच, ती दांडी फिरवून झाली की. ओळखलंस सगळं, तरी गुरुवारी डॉक्टरांकडे यायचंच आहे, मी वेळ घेतली आहे. तोवर चढायचं नाही. मालकाला सांग, बहीण आजारी आहे. खोटं नाही ते. तपासणीत काही निघालं नाही, तर मला वेडी म्हण, आयुष्यभर चिडव, मी ऐकून घेईन.

छकुलीबद्दल मी काही लिहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, भावाला मुलं आहेत का? मी पर्समधे रुमाल शोधत बसले. आईला यातलं काही माहीत नाही. दोघांनी मिळून सांगू, मला एकटीला जमायचं नाही.

लहानपणी तू भिंतीवर चढायचास आणि मी खाली उभी राहून रडायचे. तुला भीती कशी ती माहीत नाही, याचं मी लोकांना कौतुकाने सांगत आले. आता पुरे झालं. मी फार घाबरले आहे, ढब्बू, आणि एकटीने एवढं घाबरणं झेपत नाही. या खेपेला तूही घाबर. माझं ऐक, घाबर आणि खाली उतर.

तुझ्या फोनची वाट बघत बसलेली,
ताई