वाढलेला पगार

प्रिय चित्राआत्या,

पगार वाढला की वाढलेली रक्कम परस्पर गुंतवायची, राहायचं जुन्याच पगारात, आणि कुणाला सांगायचं नाही, हे तू मला पहिल्या नोकरीच्या आदल्या दिवशी शिकवलंस. त्याच सवयीवर तू अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडलीस. मलाही पंचेचाळिशीत सुटायचं आहे. म्हणून इथे आयटी पार्कात दोन वर्षांत दोनदा पगार वाढला, तरी मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

सर्वेश मात्र आपली बचत कमी पडते आहे असं समजून दर रविवारी शेजारच्या मोहाली शहरात शिकवण्या घेत राहिला. काल तो अंगात ताप असताना निघाला, तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तो बूट काढून खाली बसला.

"दोन वर्षं?"

"आत्याचा नियम आहे."

"आणि पंचेचाळिशीत तू एकटीच घरी बसणार होतीस?"

मी त्याचे बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. तो म्हणाला, "चहा टाक यार. आज क्लासला सुट्टी."

आत्या, नियम चुकीचा नाही. तो एकट्या राहणाऱ्या बाईचा होता, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही. पण हे तुला कळवलं तर तू स्वतःला दोष देशील, म्हणून पत्र टाकत नाही.

दिवाळीला आम्ही दोघं तुझ्याकडे आठ दिवस येतो आहोत. विमानाची तिकिटं वाढलेल्या पगारातून काढली, हे फोनवर तुला सांगणार नाही.

तुझ्याच वळणाची,
इंद्रायणी