गोधडीचा काठ आणि पुढाऱ्याची शाल

वत्सला,

आपल्या निकिताच्या बाळासाठी तू चिंध्या जोडून गोधडी शिवतेस, तिचा एक काठ अजून उघडाच आहे आणि उद्या बारसं. माझ्या सत्काराच्या शाली तर तू सगळ्या फाडून संपवल्यास. पहिल्यांदाच त्या कोणाच्या कामी आल्या. काठापुरती आणखी एक हवी, म्हणून आज दारव्ह्याला त्या पुढाऱ्याच्या हातून सत्कार घ्यायला जातो. माझ्या लेखांत त्याला मी जन्मभर गाढव लिहीत आलो, पण त्याने काही वाचलेलं नाही, त्यामुळे त्याला राग नाही. सुई ओवून ठेव.

काल आयोजकांना मी नाही म्हटलं होतं, आज स्वतःच फोन केला. आयोजक गहिवरले, "भाऊ, सायबाचं मोठेपण शेवटी तुमाले पटलंच!"

म्हटलं, "पटलं. शाल तेवढी मऊ द्या, लेकराले टोचते."