बंद करायची तार

मंचर, ३ सप्टेंबर १९९८

चि. धर्माजीस, अ. उ. आ.

गौरींचं जेवण पचलं, पण तुझ्या मळ्यात पाहिलं ते काही पचत नाही.

पुण्याच्या बंगलेवाल्याचा तो बागेतला जुनाट, बुटका ट्रॅक्टर घेतलास, मी गप्प बसले. आता त्याला माती फोडणारा रोटाव्हेटर जोडलास. तो रुंद भरला म्हणून वेल्डरकडून कापून घेतलास. मग वरचा पत्रा बसेना, तर तो गोठ्याच्या दारात टाकलास! पाती आणि फिरणारा दांडा सगळं उघडं. टोमॅटोची सुतळी पात्यांत गुंडाळली की पाती थांबवायला तू लिव्हर सोडवतोस आणि तुझी इंद्रायणी विळा घेऊन वाकते. इंजिन चालूच. का, तर ते पुन्हा चालू करायला हँडल मारताना तुझा खांदा दुखतो! ती लिव्हर आपोआप परत बसून पाती फिरताना मी पाहिली आहेत. तिचा पदर पात्यापासून वीतभर होता.

टेलिफोन खात्यात मी जन्मभर अपघाताचे फोन जोडले. माणसं आधी बोलत नाहीत, नुसता श्वास ऐकू येतो. गौरींपासून घरचा फोन वाजला तरी मी उचलत नाही. पत्रच पाठव.

ह्यांच्या मागे ट्रंकेत राहिलेल्या पँटींपैकी दोन पाठवते. इंद्रायणीने मळ्यात त्याच घालायच्या.

लोभ असावा, आणि हातपाय शाबूत असावेत.

तुझी अक्का

राजुरी, ९ सप्टेंबर

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

पँटी पोचल्या. इंद्रायणी हसून हसून लोळली. भावकीत आम्हाला तोंड दाखवू देणार आहेस का न्हाई?

कॉन्व्हेंटच्या मडमांनी तुला इंग्रजी शिकवलं, ट्रॅक्टर न्हाई. माझं इंजिन संध्याकाळी तरी बंद होतं, तुझं तर कधीच होत न्हाई.

पत्रा बसवायचाच आहे. पण पितृपक्ष लागलाय, नवं काम काढत न्हाईत. घट बसले की वेल्डरला बोलावतो. तोवर रान मोकळं करून घेतो.

रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझा धर्माजी

मंचर, १३ सप्टेंबर

चि. धर्माजीस, अ. उ. आ.

पितृपक्षात रान फिरवलेलं चालतं, चालू पात्यांवर बायकोला वाकवलेलं चालतं, चार बोल्ट आवळलेले तेवढे चालत नाहीत! आपल्या पितरांना मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. त्यांना खिरीचा घास हवा, सुनेचा हात नको.

पोस्टमनची सायकल वाजली तरी मी दाराची कडी धरून उभी राहते. धर्मा, इंजिन बंद करत जा रे.

चिंतेत असलेली,
अक्का

राजुरी, १८ सप्टेंबर

ती. वन्संस्नी इंद्रायणीचा नमस्कार.

तुमी फोन उचलत न्हाई, म्हणून लिहिते. आधी सांगते, हे जिते हायेत.

काल सुतळी गुंडाळली. मी इळा आणाया बांधाकडं गेले, तवर हे सोताच वाकले. लिव्हर परत बसली. ह्यांच्या धोतराचा सोगा दांड्यानं वढला. वरडत व्हते, मंग वरडायचे बी थांबले. इंजिन बंद करायची तार पल्याडच्या अंगाला. दांड्यावरून पाय टाकल्याबिगर हात पोचत न्हाई. वन्सं, अंगावर लुगडं असतं तर मी बी गेले असते. चार दिवसांपासून तुमची पँट घालत व्हते, ह्यांच्या शिव्या खाऊन. वलांडून गेले, तार वढली.

मांडी सोलपाटली, नडगीचं हाड मोडलं. नारायणगावच्या दवाखान्यात हायेत. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की माझा हात धरत्यात, सोडतच न्हाईत. भावकी बघून गेली. पँटीवर कुणी चकार शब्द काढला न्हाई.

मला लई भ्या वाटतं. तुमी या.

इंद्रायणी

मंचर, २२ सप्टेंबर

चि. सौ. इंद्रायणीस, अ. उ. आ.

तुझं अक्षर पाहिलं आणि पत्र पोस्टमनकडूनच वाचून घेतलं. नंतर फोन वाजला. उचलला. कुणीतरी चुकून लावला होता.

उद्या सकाळच्या एसटीने निघते. आधी नारायणगावला दवाखान्यात, मग पुढे आळेफाट्याहून वेल्डरला घेऊन मळ्यात. ट्रंकेत अजून एक पँट आहे, ती धर्माजीची. पितृपक्ष संपला म्हणावं त्याला.

मोठ्यांनी धाकट्यांना करायचा नसतो, तरी तार ओढणाऱ्या त्या हाताला माझा नमस्कार.

अक्का