रणघुम्यांचे पहिले संमेलन

२ एप्रिल, सकाळ
संशोधन सुरू. मोबाईलवर सगळा महाराष्ट्र पालथा घातला. रणघुमे फक्त तीन ठिकाणी: आमच्या गावात, तारकर्लीत, फोंडाघाटात. एवढे दुर्मीळ का? उघड आहे. पूर्वज योद्धे, बरेचसे लढाईत कापले गेले असणार. उरलेल्यांचे संमेलन भरवायचे. आमच्या मुलाला, कौस्तुभला, जूनमध्ये बाळ होणार. त्या बाळाने हे आडनाव छाती काढून लावले पाहिजे.
शिवाय संकल्प: कोणावरही हात उचलायचा नाही.

५ एप्रिल
तारकर्लीला चुलतभाऊ परशुरामकडे आमंत्रण घेऊन गेलो. म्हणाला, "दादा, इतिहास मगे सांग. तुझ्या बापाशीन माझ्या बापाशीचे दात पाडल्यान, त्येचा आधी बोल!"
मी शांतपणे खुर्ची फेकली. लागली नाही. येतो म्हणाला. चर्चा सकारात्मक.

११ एप्रिल
फोंडाघाटचा पुतण्या जितेंद्र. भर बाजारात गाठला. कॉलर फाटली (त्याची), चष्मा फुटला (माझा). योद्ध्यांचे रक्त, आणखी काय पुरावा हवा?

१४ एप्रिल
मोठा शोध! मालवणचे आग्नेल मास्तर, त्यांचे पूर्वजही ख्रिस्ती होण्याआधी मूळचे रणघुमे. घरात कोणाला आठवते का, विचारले.
"आठवता मा! मी आवाज चढवलंय की आमची बायल सेलेस्तीन म्हणता, इलो बघ रणघुमो."
आदराने म्हणत असणार.

२७ एप्रिल, रात्री
संमेलन झाले. उपस्थिती उत्तम. देवळात गुरवाने गाऱ्हाणे घातले, सगळ्यांका गुण्यागोविंदान ऱ्हवांदे. सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मग पहिला नारळ. मान घराण्याच्या थोरल्या पातीचा, म्हणजे माझा. परशुराम म्हणे त्याचा. जितेंद्र म्हणे आम्ही दोघेही चोर. नारळ मीच फोडला, पण परशुरामच्या खांद्यावर. जितेंद्रने बाक उचलला. आग्नेल मास्तर सोडवायला आले, कपाळाला टाके पडले. माझा उजवा हात मोडला, हे डाव्याने लिहितोय. सून नम्रता सगळा वेळ खांबाआड, पोटावर दोन्ही हात धरून. लढाई जवळून बघायला मिळाली पोरीला.

३० एप्रिल
नम्रताने दुपारी स्वतः भात कालवून दिला. मग म्हणाली, "बाबा, बाळाला माझ्या माहेरचं आडनाव लावणार आहोत. रागावू नका हं." कौस्तुभ ताटातून मान वर काढीना.
तिचे माहेर आंबोलीचे. सावंत.
सावंत! इथे दारात उभे राहून दगड भिरकावला तर सावंतालाच लागेल.
डाव्या हाताने उचललाही होता. खाली ठेवला.