नमुन्याची बेल

४ मार्च
सामान लागलं. दारावरच्या बेलांचे खोके पुढच्या खोलीत, माझी गादी त्यांच्या मागे. कंपनीची पहिली परदेशी शाखा — आणि शाखाप्रमुख, हमाल, झाडूवाला, सगळं मीच! साहेब निघताना म्हणाले होते, "दार तिथं बेल! जम बसव, मग बायको-मुलीलाही तिकडे पाठवतो."

नमुन्याची एक बेल माझ्याच दाराला लावली. फोनवर घरी ऐकवली. लेक म्हणाली, "बाबा, कोण आलं?"

११ मार्च
दुकानं पालथी घातली. गोड बोलतात, घेत काही नाहीत. आज एका दुकानदारानं स्पष्टच सांगितलं — "अहो, इथं न कळवता कोण कुणाकडे जातं? खाली उभं राहून फोन करतात. बेल वाजली की माणूस दचकतो!"

म्हणजे आम्ही तिकडे बसून दारं मोजली, पाहुणे मोजलेच नाहीत. घ्या!

१२ मार्च
साहेबांना कळवलं. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणाले.

२० मार्च
वेडेपणाच, पण लिहितो. संध्याकाळी परत आलो की कुलूप काढायच्या आधी बेल दाबतो. आत वाजते. तेवढंच बरं वाटतं.

समोरच्या दारातल्या आजी जिन्यात भेटल्या. एकट्याच असतात. "रोज संध्याकाळी येतं हो कुणीतरी तुमच्याकडे!"
"मित्र आहे," म्हटलं. धडधडीत खोटं. घरात येऊन रडू आलं.

२ एप्रिल
साहेबांचा फोन. शाखा बंद, माल परत.

घरी जायचंय, आनंद व्हायला हवा. पण हिनं शेजारीपाजारी सांगून ठेवलंय — आम्हीही परदेशी निघालो म्हणून. कुठल्या तोंडानं सांगू?

३ एप्रिल
बेल काढत होतो. स्टुलावर चढलेला, तोंडात स्क्रू. समोरचं दार उघडलं.
"ती मला द्या," आजी म्हणाल्या. "विकत घेते. फुकट नको."
इतक्या दिवसांत पहिलं गिऱ्हाईक! पण राहवेना. "आजी, तुमच्याकडे येतं कोण?"
"तुमच्याकडे तरी कोण येत होतं? दाराच्या भिंगातून रोज बघते मी. मीही माझी मीच दाबीन."
स्टुलावरून उतरलो. उद्या बसवून देतो म्हटलं.

४ एप्रिल
आजींची बेल बसवली. बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं.
आतून लगबगीनं — "आले हं! आले, आले!"